आमच्या कूलरचं गवत आणि सोमवारची सोलापूर गाडी

“पप्पा, आपल्या कूलरमध्ये नक्की काय मेलंय?”

हा प्रश्न माझा नव्हता, हे आधीच सांगून ठेवते. प्रश्न तरन्नुमचा होता, चिथावणी निकिताची होती, तोंड तेवढं माझं वापरलं गेलं. नववीचा शेवटचा पेपर त्याच दिवशी संपला होता आणि आम्ही तिघी आमच्या हॉलमध्ये दहावीच्या अभ्यासाला बसलो होतो. म्हणजे कैरीच्या फोडींना तिखट-मीठ लावत होतो. मी कूलर लावला. पहिल्या झुळकीलाच निकितानं ओढणी नाकाशी नेली.

“विचार की तुझ्या पप्पांना,” तरन्नुम म्हणाली. “दम हाय का?”

गेल्या महिन्यापर्यंत मला दम नव्हता. येत असलेलं उत्तरसुद्धा मी वहीत लिहून, वही बाकाखाली दाबून बसायचे. पण तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत माझा माईक मध्येच बंद पडला आणि मी तशीच ओरडून भाषण पूर्ण केलं. दुसरा नंबर आला. तेव्हापासून माझा आवाज बसतच नाही, अशी आईची तक्रार आहे.

तर विचारलं. पप्पा शेजारच्या हणमंतप्पा काकांबरोबर चहा घेत होते.

“काय मेलं न्हाय,” पप्पा म्हणाले. “थंडाव्याचा वास हाय तो.”

“थंडाव्याला वास असतो?” निकितानं माझ्या पाठीमागून विचारलं.

“जुन्या कूलरला असतो.”

हणमंतप्पा काका खरं बोलण्यासाठी अख्ख्या गल्लीत बदनाम आहेत. त्यांनी बशी खाली ठेवली. “कृष्णराज, म्या बोलणार नव्हतो. पण मागच्या साली तुमच्याकडं चहा पिऊन गेलो की म्या घरी आंघोळ करत होतो.”

पप्पा पंचायत समितीत आस्थापना विभागात आहेत. तिथं त्यांना कुणी असं तोंडावर बोलत नाही, आधी अर्ज करतात. त्यांचे कान लाल झाले. “गवत बदलायचं राहिलंय, एवढंच. इतकं कळतंय तर तूच बदल की!”

“बदलते!” मी म्हणाले. आवाज स्पर्धेतलाच लागला.

तिथं विषय संपला असता. पण त्याच मिनिटाला सोलापूरहून उमादेवी आत्यांचा फोन आला. आत्या दर उन्हाळ्यात मला बोलावतात. त्यांच्याकडं एसी आहे, पाच वाजता उठायचं वेळापत्रक आहे, पोपटाच्या पिंजऱ्यासारखा कापड टाकून झाकलेला टीव्ही आहे आणि माझा आतेभाऊ रणधीर आहे. रणधीर प्रत्येक घास बत्तीस वेळा चावतो, आणि मोजतो. मागच्या वर्षी पंधरा दिवस मी त्याच्या समोर बसून जेवले. माझा घास बाराव्यालाच गिळून व्हायचा आणि उरलेले वीस मी नुसतीच बघत बसायचे.

फोन ठेवून पप्पा म्हणाले, “बरं झालं. हितं ह्या उकाड्यात दहावीचा अभ्यास होणार न्हाय. सोमवारी सकाळी साडेसहाची सोलापूर गाडी. दहा जूनपर्यंत तिकडंच.”

माझ्या हातातली कैरीची फोड तशीच राहिली. दहा जून म्हणजे सगळी सुट्टी! तरन्नुम नाही, निकिता नाही, नुसते बत्तीस, बत्तीस, बत्तीस.

“आणि कूलर नीट झाला तर?”

पप्पांनी काकांकडं पाहिलं. साक्षीदारासमोर माघार घेणं आस्थापना विभागाला जमत नाही. “रविवारी संध्याकाळपर्यंत ह्याच कूलरची गार, बिनवासाची हवा आली, तर राहा.”

“म्या साक्षीदार,” काका म्हणाले आणि त्यांनी बशी परत उचलली.

तो गुरुवार होता.

आमचा कूलर पत्र्याचा आहे. तोंड खिडकीतून हॉलमध्ये, बाकी सगळं अंग बाहेर अंगणात. तीन बाजूंना तीन जाळ्या, त्यांत गवत भरलेलं. त्यावर वरच्या नळीतून पाणी ठिबकतं आणि पंखा ओल्या गवतातून हवा आत ओढतो. हे आम्ही आठवीत शिकलो होतो. पण गवत चार वर्षं बदललं नाही तर काय होतं, ते पुस्तकात नव्हतं. मागची जाळी उघडली तर गवत कुठंच नाही. होती ती एक भिंत. आमच्या बोरच्या पाण्याच्या क्षाराची, वरून पांढरी, आतून काळी. तिच्यात माझं सहावीत हरवलेलं खोडरबर सापडलं. खाली टाकीच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. निकिता किंचाळली. तपकिरी, गलेलठ्ठ बेडूक निवांत बाहेर आला, आमच्याकडं भाडेकरूनं घरमालकाकडं बघावं तसं बघितलं आणि अंगणातून निघून गेला. थोडक्यात, मेलं काहीच नव्हतं. पप्पांचं म्हणणं निम्मं खरं निघालं.

आता नवीन काय बसवायचं? हा प्रश्न मी घरात विचारायला हवा होता. मी अंगणात विचारला.

“वाळा,” काका म्हणाले. “खरा वाळा आणायचा. घरात अत्तर शिंपडल्यावानी वास येतोय.”

“कशाचा वाळा!” कुंपणाच्या छोट्या भिंतीपलीकडून त्यांच्या पत्नी म्हाळसाबाई काकू म्हणाल्या. त्या कुरडयांचा चीक ढवळत होत्या. “बारदान लाव, नंदे. ओलं बारदान. माज्या माहेरी माठाला बारदानच हाय. पाणी बर्फावानी.”

“माठ आन् कूलर एक हाय व्हय?”

“तुमी गप बसा. तुमाला घरातला पंखा कुठल्या बटणाचा हाय ते तरी म्हाईत हाय का?”

काकांनी मान वळवून आमच्या चिंचेकडं बघायला सुरुवात केली. 

तरन्नुमचे अब्बा, नबीलाल चाचा, बाजारात कूलर आणि मोटारी दुरुस्त करतात. म्हणून मी तिला विचारलं, “तुमच्या घरी काय लावलंय?”

“आमच्या? आमचा कूलर दोन वर्षं बंद हाय. अब्बाला घरचं काम करायला टाइम कुठंय?”

पप्पा ऑफिसातून आले आणि म्हणाले, “खरेदी अशी होत नसती. तीन कोटेशन लागतात.”

“पप्पा, गवत आहे ते.”

“गवत असो नाहीतर गाडी. तीन कोटेशन, मग तुलनात्मक तक्ता.”

आमच्या लोहाऱ्यात त्या कामाची दुकानं दोनच. म्हणून शुक्रवारी तिसरं कोटेशन आईवर आलं. आई सास्तूरच्या जिल्हा परिषद शाळेत शिकवते. संध्याकाळी ती वडापच्या जीपमधून उतरली ती पदरानं वारा घेतच. पप्पांनी टेबलावर रेघा मारलेला कागद ठेवला. पहिल्या दुकानदाराचं म्हणणं, मधमाशीच्या पोळ्यासारखी पुठ्ठ्याची जाळी बसवा. नबीलाल चाचांचं म्हणणं, साधं गवत बसवा. आणि सास्तूरच्या दुकानदारानं आईला सांगितलं होतं, “मॅडम, कूलरच नवीन घ्या.”

“तिघांचे तीन अभिप्राय,” पप्पा खूश होऊन म्हणाले. ऑफिसात असं झालं की फाईल वर्षभर फिरते. पण इथं सोमवार तोंडावर आला होता. आईनं पेन घेतलं, गवताभोवती गोल केला आणि स्वयंपाकाला गेली. आमच्या घरात अंतिम मंजुरी अशी मिळते.

मग मापं. इथं मी चूक केली, आणि ती कबूल करताना माझी वक्तृत्वाची ढाल आडवी धरते. घरातली टेप आईनं शाळेत मुलांची उंची मोजायला नेली होती, ती तिथंच राहिली होती. टेप नाही तर वीत आहे की! काकू परसातला वाफासुद्धा वितीनं मोजतात. मी अंगठा आणि करंगळी ताणून मोजलं आणि सुवाच्य अक्षरात कागदावर लिहिलं: रुंदी तीन वीत, उंची चार वीत, नग तीन. खाली दोन रेघा मारल्या. शनिवारी सकाळी पप्पा तो कागद घेऊन नबीलाल चाचांकडं गेले.

पुढचं मला तरन्नुमनं सांगितलं, ती तिथं होती. चाचांनी कागद वाचला, चष्मा वर केला आणि विचारलं, “वीत कुणाची, साहेब?”

“कुणाची म्हणजे? वीत ती वीत.” आणि पप्पांनी आपला पंजा काउंटरवर पसरला.

पप्पांचा पंजा म्हणजे परात आहे.

गवताचे तुकडे घरी आले तेव्हा जाळीत मावेनात. चारी बाजूंनी बाहेर, झोपून उठलेल्या माणसाच्या केसांसारखे. आई म्हणाली, “कापा.” पप्पा म्हणाले, “कापायचं कशाला? आत दुमडा. जाड थर म्हणजे दुप्पट गारवा.”

मला तेव्हाच काहीतरी खटकलं होतं. पण वीत माझी होती, त्यामुळं माझ्या आवाजाला त्या दिवशी वजन नव्हतं. दुमडलं, दाबलं, गुडघ्यानं जाळी बसवली, पाणी सोडलं, बटण दाबलं. पंखा असा आवाज करायला लागला जसा कुणी उशीत तोंड खुपसून रडतंय. हवा येईना. मी खिडकीसमोर पप्पांचा तुलनात्मक तक्ता धरला. तो हलला नाही. पाच मिनिटांत मोटार तापली आणि वास बदलला. आधीचा काहीतरी मेल्याचा होता, हा काहीतरी मरत असल्याचा होता.

“बंद करा, बंद करा!” आई ओरडली.

“दम लागलाय त्येला,” हणमंतप्पा काका भिंतीवरून म्हणाले. “नाकातोंडात बोळा कोंबल्यावर काय हुईल?”

 पप्पांनी माळ्यावरून माझी निळी बॅग काढली, फडक्यानं पुसली आणि दाराशी ठेवली. तेवढ्यात आत्यांचा मेसेज आला: सोबत आणायच्या पुस्तकांची यादी. एकोणीस पुस्तकं. शेवटी लिहिलं होतं, ‘कॅरम आणू नये.’ पप्पांनी सापडतील तेवढी पुस्तकं बॅगेत भरली.

त्या रात्रीचं मी काही सांगणार नाही. फक्त एवढंच, की जेवताना माझा घास आपोआप मोजला गेला आणि मी दचकले.

रविवारी सकाळी मी ठरवलं, आता ना वीत, ना टेप. जाळ्याच घेऊन जायच्या. तीन जाळ्या, तीन मैत्रिणी. प्रत्येकीच्या डोक्यावर एक. नेमका बाजाराचा दिवस. भेंडी, मिरची, चपलांचे ढीग आणि त्यातून आमची वरात. एक जीपवाला ओरडला, “पोरींनो, पिंजरं आणले, कोंबड्या कुठायत?” निकिता म्हणाली, “तुमच्या जीपमध्ये भरल्यात की!” आतल्या बायकांनी त्या जीपवाल्यालाच बोल लावला. मला मात्र तोंड लपवावंसं वाटलं, कारण समोरून आमचे गणिताचे सर गवार घेऊन येत होते. “राजनंदिनी, प्रकल्प का?” त्यांनी विचारलं. “हो सर, क्षेत्रफळ,” मी म्हणाले. खोटं नव्हतंच ते.

नबीलाल चाचांनी तिन्ही जाळ्या दुकानात उभ्या केल्या आणि आधी पोटभर हसून घेतलं. मग आम्ही पिशवीतून आणलेलं, रात्रीत वाळलेलं पप्पांच्या वितीचं गवत जाळीवर ठेवून मापात कापलं, हातानं पिंजून पसरलं आणि जाळी उजेडाकडं धरली.

“इकडं ये, बेटी. काय दिसतंय?”

“रस्ता. पलीकडचा रसवंतीवाला. अंधुक.”

“बस! उजेड जातो तिथनं हवा जाती. लोकांना वाटतं गवत गार करतं. आरं, गार करतं पाणी आन् हवा. गवतानं फकस्त वाट द्यायची. तुझ्या पप्पानं वाटच बुजवली.” मग त्यांनी मला वरची नळीही सोडून आणायला लावली. तिची भोकं क्षारानं बंद झाली होती. खिशातून एक जुना, झिजलेला टूथब्रश काढून ती त्यांनी घासली. “कूलर असू दे, एसी असू दे, सगळ्यांना नाक हाय. नाक धुवावं लागतं. एसीवाले तर लई शिकलेले लोक. रिमोट दाबून दाबून झिजवत्यात, पण झाकण उचलून आतली जाळी कुणी बघत न्हाय. मला बोलावत्यात, म्या धुतो, गार लागतं, मला इंजिनियर म्हणत्यात.”

“अब्बा, मग आपला कूलर?” तरन्नुम म्हणाली.

चाचांनी ते ऐकलं नाही. “आन् ऐक. हे गवत आधी भिजवून, धुऊन मगच लाव. कोरडं लावलंस तर कुसळं उडत्यात.”

मी मान डोलावली. मान डोलावणं आणि घरात पाणी असणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आमचा बोर शनिवारीच आटला होता आणि नळ पाचव्या दिवशी येतो. पाचवा दिवस सोमवार होता.

“पिपातलं पाणी प्यायचं हाय,” आई झाकणावर हात ठेवून म्हणाली. “एक तांब्या गवताला देणार न्हाय.”

दुपारचे तीन. मी म्हणाले, नुसती हवा येते का एवढं तरी बघू. आम्ही कूलर खिडकीतून सोडवून अंगणात फिरवला, म्हणजे चारी बाजूंनी नीट दिसेल. तोंड भिंतीकडं होतं. भिंतीपलीकडं काय आहे, हे बघायचं मला सुचलं नाही. बटण दाबलं.

काय हवा आली! तरन्नुमची ओढणी उडाली, चिंचेची पानं सळसळली आणि मी आनंदानं टाळ्या वाजवल्या. हवेबरोबर काहीतरी सोनेरी, बारीक, झगमगणारंही उडत होतं. छान दिसत होतं ते.

“नंदेऽऽ! अगं माज्या कुरडयांला केस आले की गं!”

खाटेवर पांढरी साडी, साडीवर सकाळी घातलेल्या शंभर-दीडशे ओल्या कुरडया आणि प्रत्येक कुरडईवर गवताची कुसळं. म्हाळसाबाई काकू कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. मागं हणमंतप्पा काका म्हणाले, “म्या आधीच म्हणलो हुतो, वाळा लावा. निदान वास तरी चांगला आला असता.”

“तुमी आत जा!”

काका गेले. आमची आत जायची सोय नव्हती. आईची भुवया कोरायची चिमटी, माझ्या कंपासपेटीतला कर्कटक आणि निकिताची केसाची पिन, एवढ्या हत्यारांनिशी आम्ही तिघी त्या खाटेभोवती बसलो. एक कुसळ, दुसरं कुसळ. उन्हात पाठ भाजत होती. पंचवीस कुरडया झाल्यावर माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते उन्हानं आलं, असं मी निकिताला सांगितलं.

“रडतीस कशाला? म्या काय खाते का तुला?” काकू म्हणाल्या.

मग मी सगळं सांगितलं. सोमवार, साडेसहा, एकोणीस पुस्तकं, घासाला बत्तीस चावे. काकूंनी ऐकून घेतलं. चिमटी माझ्या हातातून घेतली.

“बत्तीस? आन् पोळी गार होत न्हाय व्हय त्येची?” त्यांनी विचारलं. मग उठल्या. “आमच्या हौदात पाणी हाय. चार बादल्या ने आन् बुडव त्या राक्षसाला. पुन्यांदा कोरडा सुरू केलास तर म्याच तुला सोलापूरला सोडून येईन.”

चार बादल्या! आम्ही गवत भिजवलं. पिवळं पाणी निघालं, परत भिजवलं. ते पाणी काकूंच्या कढीपत्त्याला घातलं, म्हणजे हिशेब राहायला नको. जाळ्या बसल्या, करंगळीसुद्धा न लावता बसल्या. कूलर खिडकीत गेला. टाकी भरली. सहाला दहा कमी होते. मी बटणाकडं हात नेला.

लाईट गेली.

पप्पा खुर्चीत बसले. एक डोळा घड्याळावर, एक बॅगेवर. सव्वासहा, साडेसहा. पावणेसातला ते घसा साफ करून म्हणाले, “राजनंदिनी, संध्याकाळपर्यंत ठरलं होतं. माझं काही म्हणणं न्हाय, पण शब्द तो शब्द. संध्याकाळ म्हणजे दिवेलागण.”

“बराबर,” हणमंतप्पा काका म्हणाले. ते साक्षीदार म्हणून येऊन बसले होते. “दिवे लागले का पण?”

“लाईट गेलीय ना.”

“मग दिवेलागण झालीच न्हाय. नियम म्हंजे नियम, कृष्णराज.”

 माझ्या माहितीत आस्थापना विभागावर नियमानं मात करणारे काका पहिलेच. आई पदराआड हसत होती.

सात वाजून पाच मिनिटांनी लाईट आली. मी बटण दाबलं. आधी पंखा, मग पंपाची गुळगुळ, मग नळीच्या प्रत्येक भोकातून थेंब. आणि मग हवा. अशी गार, अशी मोकळी, की भिंतीवरचं कॅलेंडर उडून मे महिना दिसायला लागला. वास होता, पण ओल्या लाकडाचा. पप्पा उठले, खिडकीसमोर उभे राहिले, बनियन पोटावरून वर केला. परत खुर्चीत बसले. दोन मिनिटांत घोरायला लागले.

“झाली सही,” आई म्हणाली.

मी जमिनीवर आडवीच झाले.  तरन्नुम माझ्या एका बाजूला, निकिता दुसऱ्या. म्हाळसाबाई काकू “बघू तरी काय लावलंय” म्हणत आल्या आणि कूलरसमोर मांडी घालून बसल्या, त्या उठेनातच.

तेवढ्यात आत्यांचा व्हिडिओ कॉल. पप्पा दचकून जागे झाले. पडद्यावर आत्या घामानं डबडबलेल्या होत्या आणि मागं रणधीर डोक्यावर ओला टॉवेल घेऊन इतिहास वाचत होता.

“कृष्णा, पोरीला उद्या पाठवू नको रे. आमचा एसी कालपासून गारच करीना. रिमोट अठरावर ठेवलाय तरी. मेकॅनिक पुढच्या आठवड्यात येतो म्हणतोय. रणधीर तर सुकत चाललाय.”

मी उठून फोनसमोर गेले. “आत्या, जाळी कधी धुतली होती?”

“कसली जाळी?”

“एसीच्या झाकणाखालची.”

आत्यांनी मान वर करून भिंतीवरच्या एसीकडं पाहिलं.  रणधीरनं पुस्तकातून डोकं वर काढलं. “आई,” तो हळूच म्हणाला, “त्याला झाकण आहे?”

मला सोलापूरला जावं लागणार नव्हतं. पप्पांच्या शब्दासाठीही नाही, आत्यांच्या बोलावण्यासाठीही नाही. गार हवा पाठीवर येत होती, मैत्रिणी शेजारी होत्या, सगळी सुट्टी माझी होती. आणि तरी रणधीरच्या त्या टॉवेलकडं बघून मला नबीलाल चाचा आठवले. आत्यांच्या घरी, आत्यांच्या समोर, स्टुलावर उभं राहून ते झाकण उचलायचं… एवढी संधी वक्तृत्व स्पर्धेतसुद्धा मिळत नाही.

“पप्पा, आई,” मी म्हणाले, “मी ठरवलंय. उद्याच्या साडेसहाच्या गाडीनं मी सोलापूरला जाणार.”

हणमंतप्पा काकांची बशी हातातच थांबली. “अगं पण आता तर…” पप्पा म्हणाले.

“दोन दिवस. बुधवारी परत. मला कुणी पाठवत नाहीये, मी जातेय.” मी दाराशी जाऊन निळी बॅग उचलली आणि आईपुढं ठेवली. “हिच्यातली पुस्तकं काढ. एक जुना टूथब्रश टाक.”